दोऱ्याने कापलेला पाव

(बाहेरची खोली. टेबलावर झाकून ठेवलेली दोन ताटं. आतल्या खोलीतून टीव्हीचा बारीक आवाज.)

लेक : हळू बोला, काका. आतला सिनेमा अजून संपला नाही. तो संपला की आई उठते आणि सरळ फाटकाशी जाऊन उभी राहते.

काका : कुठला सिनेमा? आपला, युद्धकैद्यांच्या छावणीचा?

लेक : तोच. थिएटरला लागला तेव्हा तिला नेता आलं नव्हतं. आता डीव्हीडी निघाली, तर म्हटलं घरबसल्या बघेल, तेवढाच विरंगुळा. माझीच दुर्बुद्धी.

काका : त्यात दुर्बुद्धी कसली? तुझ्या बापाची आणि माझीच तर गोष्ट आहे. त्या दिग्दर्शकाला सांगून सांगून माझा घसा बसला होता.

लेक : तुम्ही शेवटपर्यंत बघितलात?

काका : मध्यंतरात उठलो. पाव वाटायचं दृश्य काही येईना. शिवाय सगळे कैदी कसे गुटगुटीत. म्हटलं, एकदा फुकटात भोगून झालंय, आता तिकीट काढून कशाला भोगायचं.

लेक : शेवटी बाबा सुटतात, काका.

काका : म्हणजे?

लेक : दोघंही सुटता. तुम्ही आधी पोचता आणि बाबा मागाहून, संध्याकाळी, फाटक ढकलून. बायको दारात उभी असते. मग गाणं लागतं आणि नावं सुरू होतात.

काका : मी असं सांगितलं नव्हतं. त्याला मी या हातांनी पुरलंय. जमीन इतकी गोठली होती की खड्डासुद्धा धड खणता आला नाही.

लेक : मला ठाऊक आहे. पण आईला आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. हा सिनेमा रोज बघते, म्हणून तेवढं मात्र पक्कं बसलंय. डिस्क लपवून ठेवली तर घर डोक्यावर घेते. फाटकाला कडी घालू देत नाही. मागच्या आठवड्यात तिथेच चक्कर येऊन पडली.

काका : काही खाते का?

लेक : तेच तर. त्यांचं ताट वाढायला लावते, शेजारी स्वतःचं. म्हणते, ते आले की बरोबर बसू. रात्री दोन्ही ताटं मी तशीच उचलते. बोटातली अंगठी गळून पडते तिच्या, दोरा गुंडाळून बसवलीय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत.

काका : अगं, तो नट आहे म्हणून सांगायचं ना सरळ.

लेक : सांगितलं. हसली मला. म्हणाली, तुझ्या बापाला मी ओळखणार नाही होय? कोट शिवताना हात बघ म्हणाली. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसऱ्याचा अंगठ्याला वेढा आणि करंगळी अशी बाहेर.

काका : ते मी शिकवलं त्याला. पलटणीतला शिंपी दाखवायचाय तर नीट दाखवा, म्हणून अख्खा दिवस त्या पोराला समोर बसवून घेतलं. करंगळीवरून तर त्याच्यावर खेकसलोसुद्धा.

लेक : फार छान शिकवलंत, काका.

काका : हं.

लेक : डीव्हीडीत शेवटी गाळलेली दृश्यं आहेत. त्यात खरा शेवट सापडला. बाबा घोंगडीखाली, तुम्ही उशाशी. लोकांनी जड मनानं घरी जाऊ नये म्हणून काढून टाकला, असं तो दिग्दर्शकच सांगतो, आरामखुर्चीत बसून. मला वाटलं, देवच पावला. आईला दाखवलं.

काका : मग?

लेक : म्हणाली, हा दुसराच कुणी दिसतोय बिचारा. याच्या हातात दोरा कुठाय?

काका : आणि पाव वाटायचं? ते होतं त्यात?

लेक : होतं. ते मात्र तिनं पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. बाबा कोटाच्या शिलाईतला दोरा ओढून काढतात आणि त्यानं पाव कापतात. सगळे डोळे फाडून बघत बसलेत, आणि सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला तुकडा बाबा घेतात.

काका : सुरी कुठली असायला तिथं. आणि बराकीचा कायदा एकच, जो कापेल त्यानं शेवटी घ्यायचं. म्हणजे हात वाकडा जात नाही. आळीपाळीनं कापायचं ठरलं होतं खरं, पण आमच्या हातून नुसता चुरा व्हायचा. मग रोज तोच. आणि शेवटी उरायचा तो तुकडा कसला, नुसती पापडी.

लेक : तुम्ही सांगा तिला, काका. पहिल्यांदाही तुम्हीच सांगितलं होतंत. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल.

काका : पहिल्यांदा सांगितलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं या गल्लीत पाऊल टाकायचा धीर झाला नाही मला. आता परत तेच सांगू? आणि उद्या विसरल्या म्हणजे?

लेक : उद्याचं उद्या बघू. वाट बघणं थांबलं तर आज दोन घास तरी जातील.

काका : तेव्हा मी म्हणालो होतो, तापानं गेला, झोपेत, पोटभर जेवून.

लेक : तसंच सांगा.

काका : त्यातलं तापाचं तेवढं खरं होतं.

लेक : आवाज बंद झाला. आली बघा.

आई : कोण आलंय गं? अगबाई, भाऊजी. तुम्ही पोचलात, मग हे कुठे रेंगाळले?

काका : बसा, वहिनी.

आई : बसते कसली. फाटक उघडं आहे ना?

काका : आहे. वहिनी, जरा माझ्याकडे बघा. तो येणार नाही.

आई : आज नाही?

काका : कधीच नाही. छावणीतच गेला तो. ताप होता अंगात. मी उशाशी होतो.

लेक : आई, पाणी घे.

आई : मला कुणी कळवलं नाही ते.

काका : मी कळवतोय, वहिनी.

आई : इतके दिवस मी दारात उभी, आणि मला कुणी कळवू नये. फार त्रास झाला त्यांना?

काका : नाही. झोपेतच गेला.

आई : थंडी होती?

काका : आम्ही सगळ्यांनी आपापल्या घोंगड्या घातल्या होत्या त्याच्या अंगावर.

लेक : आई, रडून घे. आणि मग थोडं खा. आता कुणासाठी थांबायचं नाही. सूप गरम आहे, पाव बुडवून देते.

आई : दे. थोडंच दे. भाऊजी, ते जेवले होते?

काका : हो, पोटभर. त्या दिवशी पाव आला होता.

आई : कापला कुणी?

काका : सूप निवतंय, वहिनी.

आई : कापला कुणी, भाऊजी?

काका : त्यानंच. ताप होता तरी उठून बसला. दुसऱ्या कुणाला जमतच नव्हतं.

आई : म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर घेतला असेल.

काका : वहिनी...

आई : अगं, दोन्ही ताटं उचल.