दाभणाचा टाका

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं, माळावरचं. पाऊस आला तर आला, न्हाय तर नुसती कुसळं. घरात दीडदोनशे मेंढरं आन मानसं सात. मी जल्मलो तवा आय मेंढरांमागंच हुती म्हनं, सांजच्याला मेंढरांच्या वाड्यावर आली ती मला घोंगड्यात गुंडाळूनच. नाव ठेवलं बिरू, देवाचं. तुमी लिवताय न्हवं ताई, मग हे बी लिवा, की धाव्या वर्सी मी बोकड सोलत हुतो आन कातड्याला भोक पडू देत नव्हतो. आजबी पडत न्हाय. माज्यावानी चाकू चालवनारा ह्या सोलापुरात दावा, मी सैपाक सोडतो.

भावाभावांत मेंढरं वाटली, माज्या वाट्याला आली त्यात भागंना, म्हनून मी कुर्डुवाडीला गेलो. तितं रेल्वेच्या लोकांच्या खानावळीत कांदं चिरायला ऱ्हायलो. कांदं चिरता चिरता मटन माज्याकडं आलं. तितं एक गार्डसायेब जेवायचे, एक दिस म्हनले हे मटन कुनी केलंय, मी म्हनलं मी, तर म्हनले रिटायर झालो की सोलापुरात घर बांधतोय, येतोस का. आलो. सायेब आता न्हायत. बाई हायत, फिलोमिनाबाई, पुढं त्या आन मागच्या खोलीत मी. कारभारीन आन पोरं गावाकडं, आयजवळ.

तर पैल्या नाताळला बाई म्हनल्या, बिरू, आमच्यात डुकराचं रोस्ट लागतंय, आत मसाला भरून, ओव्हनमदी भाजलेलं, जमल का. काय सांगू तुमाला, तवर डुकराला मी हात लावला नव्हता. आमच्यात चालत न्हाय. खात तर मी आजबी न्हाय, शपथ घेतो. मग चव कशी कळती म्हनता? नाकानं. मीठ कमी असलं की वास आखूड येतोय, तुमाला न्हाय कळायचं, मला कळतंय. पर त्या पैल्या खेपंला शानपना नडला. आमच्याकडं जून मेंढा असला की कच्ची पपई चोळत्यात, मऊ पडाय. मी म्हनलं एवढं जाड मांस, ह्याला तर दुप्पट लागंल, आन बाईला न इचारता चांगली अर्धी पपई किसून रातभर लावून ठेवली. सकाळी बघतोय तर पिठलं. गुंडाळाय गेलो तर हातातनं गळाय लागलं. बाई बघत उभ्या, म्हनल्या बिरू, अरे हे कोवळंच असतंय, ह्याला पपई कुनी सांगितली तुला. त्या वर्सी पाव्हन्यांनी पावासंगं खिमा खाल्ला. बाईंनी कुनाला सांगितलं न्हाय, पर मला तोंड वर करवंना.

त्यानंतर मी शिकलो, आन असं शिकलो की आता बाईचे पाव्हनं पुन्याहून फोन करून इचारत्यात, बिरू हाय न्हवं औंदा. मांस घ्यायचं मांडीचं, कातडं आन चरबी ठेवून, हाड मीच काढतो, कुनाला हात लावू देत न्हाय. चाकूनं उलगडत न्यायचं, चादर पसरल्यावानी. मग लसूण, आलं, लाल मिरची, मिरं, लवंग, दालचिनी, सगळं शिरक्यात वाटायचं, थोडी साकर, मीठ, आन दोन्ही अंगानं चोळून रातभर फ्रिजात. दुसऱ्या दिशी आत भरायचं सारन, पावाचा चुरा, तळलेला कांदा, बारीक कलेजी, बेदाने. बाई काजू घालायच्या, मी काजू काढून आपली सोलापुरी शेंगाचटनी घातली. बाई म्हनल्या हे काय. म्हनलं खाऊन बघा. मग काजूचं नाव निघालं न्हाय. गुंडाळायचं, बांधायचं, वरनं चंदेरी कागद, आन किलोला तासभर मंद आचंवर. शेवटाला कागद काढून आच वाढवायची, म्हंजी कातडं पापडावानी वाजतंय.

पर एक खोट ऱ्हायली. सुतळीनं किती बी आवळलं तरी भाजताना मांस आकसायचं आन टोकांकडनं सारन भाईर. कापलं की चकती गोल निघायची न्हाय, बेदानं ताटलीत. दाभनानं शिवूनबी बघितलं, गोनी शिवतो तसं. एक टाका सुटला की सगळं सुटायचं. बाई म्हनायच्या चव बरोबर हाय, रूप न्हाय. ते मला लागायचं.

आन त्याहून जास्त लागायचं ते आयचं. गावातला एकजन नवी पेठंत कापडाच्या दुकानात कामाला हाय, त्यानं जाऊन सांगितलं, तुमचा बिरू डुकरं भाजतोय. जत्रंला गेलो, देवाचा बोकड दर वर्सी मीच कापायचो, तसा चाकू घेऊन उभा ऱ्हायलो, तर आयनं सगळ्यांदेखत चाकू काढून घेतला आन धाकट्या भावाला दिला. म्हनली ह्या हाताचं देवाला नगं, मला बी नगं. मी म्हनलं आय, मी खात न्हाय. ती म्हनली हात तर घालतोस की. तवापासनं सात वर्सं माज्या हातचं पानी बी घेतलं न्हाय तिनं. पगार द्यायचा तो कारभारनीच्या हातात.

मागल्या नाताळाच्या आधी तिच्या डोळ्याचं आपरेशन निघालं, मोतीबिंदू. सोलापुरातच करायचं म्हटल्यावर ऱ्हानार कुटं, माज्यापाशीच. आली ती फडक्यात कडक भाकरीची चळत बांधून, आट दिसांची. डॉक्टर म्हनला आजीला गरम, मऊ काय तरी द्या, गोळ्या हायत. आन ही मागच्या पायरीवर बसून कडक भाकर पान्यात भिजवून खायाची, पानीबी नळाचं आपल्या हातानं घेऊन. मी आत नाताळच्या चाळीस मानसांचा सैपाक करनारा, आन माजी आय भाईर वाळली भाकर चावती. रडू येतंय, दुसरं काय.

पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिशी रोस्ट हुतं. उजेडासाटी मी सैपाकघराच्या मागच्या दारात पाट घेऊन बसलो, मांस गुंडाळलेलं, हातात दाभन. आय पायरीवर, काळा चष्मा घालून, पाठ करून. मी शिवतोय, उसवतंय, परत शिवतोय. जरा येळानं बघतो तर तिनं मान वळवलीय. म्हनली, ते गोनी हाय व्हय रं. मी टाका घातला, तो बी उसवला. म्हनली, लांडग्यानं फाडलेलं मेंढरू मी कसं शिवायची, इसरलास का. कडा आत मुडप. दर टाक्याला गाट मार आन दोरा तोड, सलग वढू नगंस, एक सुटला तर एकच सुटंल. मी तसं कराय गेलो, पर चाकू धरनारा हात माजा, सुईचा न्हाय, गाट सैल पडाय लागली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा ती उठली, म्हनली आन हिकडं, मेल्या, जन्मभर आडानीच ऱ्हानार, आन दाभन माज्या हातातनं वढून घेतलं, चष्मा कपाळावर सारला, आन शिवाय लागली.

 डाव्या हातानं मांस दाबलेलं, उजव्यानं टाका, गाट, दातानं दोरा तोडाय वाकली, तितं थांबली आन म्हनली चाकू दे. बारा टाकं घातले. मग हातांकडं बघत बसली. चरबी, मसाला, सगळं लागलेलं. मी म्हनलं आय. ती नळावर जाऊन लई येळ हात घासत बसली.

ओव्हनमधनं काढलं तर एक बेदाना भाईर न्हाय. चकत्या अशा गोल की बाई ताट घेऊन मागं आल्या, आयला दावाय. म्हनल्या आजी, तुमी माझ्या घराची शोभा वाढवली. आय म्हनली, मेंढरांचं काम हाय ते, त्यात काय. बाई गेल्यावर मला म्हनली, बिऱ्या, आता तुज्या हाताला नाव ठिवू तर माजं हात कुटं लपवू. जा, चांगलं हात धू, आन दोन गरम भाकरी टाक. ह्या कडक भाकरीनं दाढ दुखाय लागलीय.

चाळीस मानसांचा सैपाकी मी, आन पैली भाकर करपली. ती बी खाल्ली तिनं, वर म्हनली तुज्या बायकूपेक्षा बरी हाय, तिला सांगू नगंस.

आता आय गावाकडंच हाय, डोळा चांगला झालाय, लांबनं मेंढरू वळकती. मी बाईपाशी, पाय चालत्यात तवर हितंच. रोस्टला बारा टाकं घालतो, दर टाक्याला गाट, अजून जरा सैलच पडती, पर उसवत न्हाय. औंदाच्या जत्रंला बोकडाम्होरं धाकटा उभा ऱ्हायला, तर आय गर्दीतनं पुढं आली, त्याच्या हातातला चाकू घेतला आन माज्या हातात दिला.