नाल्याकाठचा वाकडा मोह

मोह गळायचे दिवस. गोंदियाहून निघालेल्या एसटीतही त्या फुलांचा गोड वास भरून राहिला होता. माझ्या पुढच्या बाकावर एकाच गावच्या दोघी बसल्या होत्या.

"चमेली, डबा घेऊन कुठं चालली व?"

"फारेस्टच्या हापिसात, वच्छलाबाई. आमच्या बुढ्याले धरून ठेवलं."

"काऊन? लाकडं तोडलन का?"

"नाही व. मनाईच्या जंगलात मोह वेचाले गेला. अस्वल आलं, त हा झाडावर. वरूनच गार्डाले फोन केलन, मले वाचवा मनून."

"मंग, आले का ते?"

"आले न बिचारे! फटाके फोडून अस्वल पळवलं, याले खाली उतरवलं, पानी पाजलं, अन् मंग पकडलं."

"अगं माय व! मी येतो सोबत. मानूस भोळा आहे मनून सांगतो साहेबाले."

"या न बाई. केस झाली त कोर्टाच्या चकरा लागतीन."

"पन चढला कोनत्या झाडावर?"

"नाल्याकाठच्या वाकड्या मोहावर."

"वाकड्या? तो त आमचा मोह आहे! सासऱ्याच्या वक्तापासून आमीच वेचतो, अख्ख्या गावाले मालूम आहे. चोट्टा कुठला! राहू दे त्याले तिथंच!"

"सांगा न मंग साहेबाले, मोह तुमचा आहे मनून. तेबी विचारूनच राहिले, आनखी कोन कोन येते इथं वेचाले."

वच्छलाबाईंनी बसमध्ये इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"चल, येतो मी. साहेबासमोर तो मोह सरकारचा. गावात वापस आलो का आमचा. समजलं?"