वाळूच्या पेटीतलं गाव

अध्यक्षस्थानी असलेले आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष, मुख्याध्यापिका, आपली कामं बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, पालकवर्ग, मागे भिंतीला टेकून उभे असलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि जिथं बसल्यात तिथून मघापासून ‘आवरा आता’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या आमच्या भूगोलाच्या बाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाईंच्या निरोपाचं बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. इतिहासाच्या मास्तराला पाच मिनिटं देणं ही चेष्टाच झाली, आमचं अश्मयुगसुद्धा तेवढ्यात उरकत नाही. असो.

बाईंचं आणि माझं भांडण फार जुनं. शिक्षकखोलीत खिडकीजवळची खुर्ची त्यांची, पंख्याखालची माझी. मी म्हणायचो, माणसानं आग पेटवली, बी पेरलं, चाक फिरवलं, म्हणून जग बदललं. त्यावर बाई चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “हो का सर? आणि ते बी पेरलं कुठे, खडकावर?” झालं! माझे सगळे राजे आणि सगळे शोध एका वाक्यात गारद. हसू नका, तुम्हीही त्यांच्या तावडीतून सुटलेले नाहीत.

त्यांची ती वाळूची पेटी या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी हाताळली असेल. पाहुण्यांसाठी सांगतो. लाकडी पेटी, आत पत्रा ठोकलेला. वाळूचा डोंगर, उतार, मधून नदी. मुलांनी काडेपेटीची घरं हवी तिथं मांडायची. दर वर्षी, न सांगता, मुलं ती नदीकाठीच मांडायची. मग शेतं यायची, होडी यायची, होडीतून पलीकडच्या काठावर नवं गाव जायचं. आणि सगळं छान चाललेलं असताना बाई झारी उचलायच्या. डोंगरावरून पाणी यायचं, घरं वाहून जायची.

त्या वेळी एक नियम होता. कोणी हसायचं नाही आणि ‘तरी मी सांगत होतो’ असं कोणी म्हणायचं नाही. बाई फक्त विचारायच्या, “कोण राहिलं? आता कुठे जायचं?” मुलं उरलेली घरं घेऊन वर सरकायची, नाहीतर दुसऱ्या नदीकडे निघायची. जगभर माणसं कशी पसरली, हे माझ्या जाड पुस्तकांपेक्षा त्या ओल्या वाळूत लवकर कळायचं. हे मी आज जाहीर कबूल करतो. एरवी केलं नसतं.

आता पुढचं बोलू की नको, हे मी बाईंना सकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, “बोला, पण रडू नका.” बघू कसं जमतं ते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या गावात खराखुरा पूर आला. बाईंची लेक खालच्या गल्लीत, अगदी नदीला लागून राहायची. जावई त्यांच्या तान्ह्या पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर पडले. लेक शेजारच्या म्हाताऱ्या आजींना आणायला मागे वळली. त्या दोघीही परत आल्या नाहीत.

काही दिवसांनी बाई कामावर आल्या. शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, “घर घेताना तिनं मला विचारलं होतं. आई, पाण्याच्या फार जवळ आहे, घेऊ ना? मी म्हटलं, घे की, माणसं पाण्याजवळच राहतात. मी तिला नको म्हणायला हवं होतं, हो ना?” मी माझा चहा त्यांच्यापुढे सरकवला. सांगा ना, तुम्ही काय बोलला असतात?

पुढे पेटीचा तास आला. मीही दारात जाऊन उभा राहिलो, राहवेना. मुलांनी गाव मांडून ठेवलं होतं, पण सगळी घरं डोंगराच्या टोकावर, एकमेकांना खेटून. नदीकाठी एकही घर नाही. झारी कोणीतरी कपाटामागं लपवून ठेवलेली.

बाईंनी नदीकाठच्या रिकाम्या वाळूवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “अरे, पण पाणी कुठून आणणार? प्यायला?”

पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उभी राहिली. म्हणाली, “बाई, आम्हाला तहान लागत नाही.”

लेक गेल्यापासून बाई रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या, पेटीची कड धरून, पोरांच्या देखत. मग त्यांनी डोळे पुसले, डोंगरावरचं एक घर उचललं आणि स्वतःच्या हातानं नदीकाठी ठेवलं. म्हणाल्या, “तहान सगळ्यांना लागते बाळांनो. माझी मुलगी काही वेडी नव्हती.” आणि पोरांकडून झारी मागून घेतली.

पण खालच्या गल्लीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. जावयांनी त्याच जागी, जोतं उंच करून घर पुन्हा उभं केलं. नातीला ते दर रविवारी वर, बाईंच्या घरी घेऊन यायचे. बाईंचे भाऊ लांब पठारावर राहतात, त्यांनी बहिणीसाठी खोली तयार ठेवली होती. निवृत्तीनंतर बाई तिकडेच जाणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काल सामान टेंपोत चढवायला मी गेलो होतो. चढवायला म्हणजे, सूचना द्यायला. चालकानं विचारलं, “पठारावर ना बाई?” बाईंनी कुलूप लावलं, किल्ली पदरात बांधली आणि म्हणाल्या, “नाही रे बाबा. खालच्या गल्लीत.” मी तोंडाकडे बघतच राहिलो. तर मलाच म्हणाल्या, “असे बघू नका सर. पोरगी मोठी होतेय. तिची आई कुठं राहायची, ते तिला कोणीतरी सांगायला नको?”

बाई, रडू नका म्हणाला होतात, ते काही जमलं नाही. इतिहासाच्या माणसानं भूगोलाबद्दल बोलताना काही इकडचं तिकडे झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर मंडळींनी मोठ्या मनानं पोटात घालावं. सर्वांचे आभार.

चहाची सोय बाहेर आहे. फक्त एक विनंती, बाईंना फार वेळ अडकवून ठेवू नका. खालच्या गल्लीत नात उंबऱ्यात बसून आहे.