हीटरची चावी

माझ्या बाळाच्या लसीसाठी मी दवाखान्यात बसले होते. परक्या देशात मराठी कानावर आलं आणि मान आपोआप वळली. शेजारी एक काका-काकू होते. त्यांची भाडेकरीण तापानं फणफणलेलं तान्हं घेऊन आत गेली होती.

"हीटरच्या बटणांवर डबी बसवून कुलूप लावलंत तुम्ही! घर भाड्यानं देताना काय द्यावं, कळत नाही?" काकू काकांना म्हणत होत्या.

"पलंग दिला, शेगडी दिली, पडदेसुद्धा दिले. एवढ्या स्वस्तात आणखी काय, पालखी देऊ?"

"ऊब द्या. भिंतींना ओल आलीय तिथे."

"हळू बोल. रात्रंदिवस हीटर चालवतात ही पोरं."

"चावी कुठंय?"

"खिशात."

"आज देणार की नाही तिला?"

"बघू."

तेवढ्यात भाडेकरीण तान्ह्याला घेऊन बाहेर आली.

"काका, छातीत कफ झालाय. घर गरम ठेवा म्हणाल्या डॉक्टर. मी म्हटलं, आमचे घरमालक देवमाणूस आहेत, स्वतः गाडीनं घेऊन आलेत. ते कुलूप हीटर कंपनीनं लावलंय म्हणालात ना, त्यांना एक फोन कराल?"

"करा ना फोन," काकू म्हणाल्या.

काकांनी खिशात हात घातला.

"पोरी, कंपनीचं नाही गं ते," बाळाच्या टोपड्याकडे बघत ते म्हणाले.