आत्याचं नाक घेऊन डॉक्टरकडे

...आणि सर्दी नाहीये हो मला! तुम्हाला सांगते, बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते मी, येणारा प्रत्येक जण गाडी कितीला सुटते ते विचारतो आणि वर, "ताई, सर्दी का? वाफ घ्या की!" घेते ना! आत जाईल तर शपथ! एक नाकपुडी चिकटलीय, दुसरी शिट्टी मारते, शेंड्याला कुणी चिमटा लावून विसरलंय... अहो, सुंदर दिसायला ऑपरेशन केलं होतं नाकाचं! हसा, हसा. डॉक्टरांनी विचारलं, "कसं हवं?" मी म्हटलं, "अगदी नसल्यासारखं." म्हणजे नाजूक हो! त्या गृहस्थानं शब्दच धरला. हाड घासलं, कूर्चा कापली, आणि नाक बसलं ते बसलंच! सांगा, मी काय वाईट मागितलं होतं?

मूळचं नाक बाबांचं. मधे उंचवटा, शेंडा खाली. खोलीत आधी नाक यायचं, मग मी. बाबांच्या सख्ख्या बहिणीचं, माझ्या आत्याचंही तेच. ती तर कडाडलीच, "आमच्या घराण्याचं नाक कापलंस!" आता हे खोटं तरी कसं म्हणू? बोलणंच टाकलं तिनं.

मग बाबा गेले. एका दुपारी आईनं माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं, बाजूनं बघितलं... आणि हात काढून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. त्या दिवसापासून मला ते नाक परत हवंय हो, बाकी काही नको! सांगा, वाईट मागतेय का मी?

बिघडलेली नाकं सुधारणारे एक डॉक्टर मिळाले. म्हणाले, "बरगडीची कूर्चा काढून आधार देऊ. जुना फोटो आणा, बाजूनं काढलेला." बाजूनं! जन्मात कुणाला काढू दिला असेल तर ना! बाबांचाही आहे तो समोरून. मग काय, नाक मुठीत धरून, म्हणजे उरलंय तेवढं, गेले आत्याकडे. "आत्या, डॉक्टरांना तुझं नाक दाखवायला येशील?" तिनं आधी माझं नाक न्याहाळलं. मग म्हणाली, "जेवलीस का?" आणि आली हो!

डॉक्टरांनी तिचं तोंड बाजूला वळवलं, पट्टी लावून मापं घेतली, माझं नाक चाचपलं, म्हणाले, "श्वास मोकळा होईल. बसलेलं थोडं उठेल. पण कातडी आकसलीय, हे असं नाक आता होणार नाही." मी रडले. ढसाढसा रडले, आणि रडतानाही ती मेली शिट्टी! आत्यानं पदरानं डोळे पुसले माझे. म्हणाली, "मी आहे ना! दादाला बघावंसं वाटलं की वहिनीला माझ्याकडे पाठवत जा." केवढा धीर आला म्हणून सांगू!

तेवढ्यात डॉक्टर, पट्टी आवरता आवरता, सहज, "आजी, तुमचंही छान करता येईल हं. जरासंच." मला वाटलं, आता वाजवते ही कानाखाली! तर आत्या आरशाकडे वळली, एका बोटानं शेंडा किंचित वर उचलला, मान इकडे केली, तिकडे केली, आणि हळूच, लाजत... "फार दुखतं का हो?"

बोला! आता तिला नको म्हणायचं, ते मी कुठल्या तोंडानं म्हणू?