पदरावरचा मोर

अरे, येवल्याच्या सलीमचाचांचं सांगायचं राहिलंच. चाळीस वर्षं पैठणी विणणारा माणूस. पहिल्यांदाच ऑनलाइन विकायची म्हणून साडीचा फोटो घेऊन माझ्याकडे आले. फोटो इतका मोठा की साइट घेईचना. मी तो लहान केला, तर चाचा कळवळले, "बेटा, मोराचा डोळा कुठं गेला? त्याच्यापायी अख्खी दुपार गेली होती माझी!"

मग मी फोटोतली बाकीची साडी कापली आणि पदरावरचा एकच मोर ठेवला. तो स्क्रीनभर पसरला, हिरवा, निळा, ओला असल्यासारखा. चाचा बघतच राहिले. समोरचा चहा निवून गेला.

बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, "टाकू का आता?"

"जरा थांब. एकदा गिऱ्हाइकाकडे गेला की गेला. विणताना मला त्याच्याकडं बघायला सवडच झाली नाही."