दादाचं मण्यांचं ब्रेसलेट

खड्यांच्या दुकानात भांडायला तुमच्यापैकी कोणी गेलंय का? मी गेलो होतो.

माझा दादा जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होता. डोकं एकदम थंड. मागच्या महिन्यात तो गेला आणि हॉस्पिटलवाल्यांनी त्याच्या घड्याळासोबत हे मण्यांचं ब्रेसलेट माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं, यानेच त्याचं डोकं शांत राहत असेल. म्हणून घातलं. शांती कसली, झोपही येईना. परवा त्याचा रिकामा पलंग बघून असा संताप आला की भिंतीवर हात आपटला. दोरा तुटला.

तसाच पनवेलच्या बाजारात, दादाने ते जिथून घेतलं होतं त्या दुकानात गेलो आणि सगळे मणी तिथल्या चाचांसमोर ओतले. "लोकांना फसवता काय? यानं डोकं शांत होत नाय!"

चाचांनी मणी निरखले. "हा काळा मीच बदलून दिलेला. जासईवाल्या साहेबांचं ना हे? तू कोण त्यांचा?"

"धाकटा भाऊ."

"अच्छा, तो तू!" चाचा हसले. "अरे, तुझ्यासाठीच घेतलेलं त्यांनी."

"मला कधी दिलं नाय."

"तुला घालायला नाय रे. म्हणाले, चाचा, भाऊ लय तापट आहे, त्याला सहन करायला काहीतरी द्या."

मी तिथेच स्टुलावर बसलो. दादा गेल्याचं सांगितलं. चाचा नवा दोरा घेऊन मणी ओवू लागले. मग हळूच म्हणाले, "तापट माणसासाठी वेगळा खडा असतो. देऊ?"

"नको चाचा. ज्याच्यावर तापायचो, तोच राहिला नाय."